खेळ मुलाचा, खातं आईचं!

दुपारी दोनची वेळ. ओटा आवरून झालेला, दोरीवरचे कपडे घड्यांची वाट बघताहेत, सासूबाई जरा आडव्या झाल्या आहेत आणि मुलं दुपारच्या शाळेला गेली आहेत. मैत्रिणींनो, या वेळात तुम्ही काय करता? कुणी पुस्तक घेऊन पडत असाल, कुणी मालिकेचा राहिलेला भाग बघत असाल, कुणी ब्लाउजला हुक लावत असाल. मी काय करते ते सांगितलं तर हसाल. मी व्हिडिओ गेम खेळते!

हसलात ना? आमच्या इमारतीतल्या बायकाही हसल्या होत्या. छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई टीव्हीसमोर बसून बटणं दाबते, हे काही बरं लक्षण नव्हे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण हा नाद मला हौसेने लागलेला नाही, बरं का. तो लागला एका भांडणातून, आणि त्या भांडणाची किंमत होती चार हजार एकशे सत्याण्णव रुपये!

फुकटचं खोकं

आम्ही राहतो बोळिंजला. विरार स्टेशनवरून आगाशीच्या रस्त्याला लागलं की आमचं गाव येतं. गाव म्हणायचं आपलं सवयीनं. जिथे केळीच्या वाड्या होत्या तिथे आता वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. सासूबाईंच्या लहानपणी पोरं वाडीतून थेट ओहोळापर्यंत हुंदडायची. आमच्या मुलांच्या वाट्याला गाड्यांमधली मोकळी जागा आणि रखवालदाराची शिट्टी!

२०२४ च्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पुण्याहून बंगळूरला गेला. तिथे त्याने नवं, बारीक अंगाचं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि जुनं प्लेस्टेशन ५ भाऊबिजेला भाच्याच्या हातात ठेवलं. भारतात हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढं महाग खोकं फुकटात आलं म्हणून आम्ही सगळेच खूश. ‘फुकटचं तेच महागात पडतं’ असं माझी आई म्हणायची, ते तेव्हा कुणाला आठवलं नाही.

खोकं कुणी जोडलं? चिरंजीवांनी. खातं कुणी उघडलं? चिरंजीवांनीच. वय अकरा, इयत्ता सहावी. मी स्वयंपाकघरातून विचारलं, “झालं का रे?” तो म्हणाला, “झालं!” संपली माझी चौकशी. मिक्सर आणला तर त्याची पुस्तिका मी आधी वाचते, प्रेशर कुकरची रिंग कुठल्या मापाची ते मला पाठ आहे. पण बाहेरच्या खोलीत इंटरनेटला जोडलेलं पन्नास हजारांचं यंत्र बसलं आणि मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ‘ते मुलांचं’ असं म्हणून मोकळी झाले.

“आई, ते पैसे नव्हते”

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिनाअखेरीस बँकेचा हिशेब बघताना तीन ओळी दिसल्या. तेराशे नव्याण्णव, पुन्हा तेराशे नव्याण्णव आणि पुन्हा तेराशे नव्याण्णव. मी वर्गात फोन नेत नाही, तो सकाळी घरीच असतो. माझ्या कार्डाचा क्रमांक, माझ्याच फोनवर आलेला ओटीपी आणि माझाच मुलगा! फुटबॉलच्या एका गेममध्ये त्याने ‘कॉइन्स’ घेतली होती. माझा जवळजवळ निम्मा पगार.

मी रागावले, तो रडला, सासूबाई मध्ये पडल्या, हे म्हणाले, “एवढं काय त्यात?” आणि मग आमचंही वाजलं. या सगळ्या गोंधळात मुलाचं एक वाक्य मात्र माझ्या मनात रुतून बसलं. तो म्हणाला, “आई, पण ते पैसे नव्हते, कॉइन्स होती.”

तो खोटं बोलत नव्हता. तुम्ही जत्रेत गेलात तर काही ठिकाणी आधी कुपनं घ्यावी लागतात. शंभराची नोट मोडताना हात जड होतो, कुपन मात्र पटकन सुटतं. हे तसंच आहे. रुपयांची कॉइन्स केली की खर्च दिसेनासा होतो. आणि त्या कॉइन्सनी त्याने घेतलं काय? बंद पाकिटं! पाकिटात कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. जत्रेतलं सोरटच की हो हे! आपल्या लहानपणी सोरटाच्या टेबलाशी उभं राहिलं तर वडील दंडाला धरून ओढून न्यायचे. आता सोरटच घरात आलं आहे, तेही आपल्या टीव्हीवर. बेल्जियमने तर २०१८ मध्येच पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा बंद पाकिटांना जुगार ठरवलं.

खोकं मी माळ्यावर टाकलं. पंधरा दिवस घरात शांतता होती. पण ती बरी शांतता नव्हती. मुलगा माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होता. शेवटी भावाला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ.”

खोकं खाली काढलं, मुलालाच शेजारी बसवलं आणि खातं उघडायला लावलं. त्यात जन्मतारीख माझी होती! स्वतःची घातली तर यंत्र अडवतं, हे त्याला मित्रांकडून कळलं होतं. म्हणजे इतके महिने त्या यंत्राच्या लेखी माझ्या घरात एक पस्तिशी उलटलेली बाई रोज फुटबॉल खेळत होती. आणि खरी बाई होती स्वयंपाकघरात, भाजीला फोडणी देत.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला माझी चूक कळली. मुलाने कार्ड वापरलं ही त्याची चूक, आणि तिची शिक्षा त्याला झाली. पण घरातली वस्तू मी ओळखून घेतली नव्हती, ही चूक माझी.

फुली-गोळा शिकले!

त्याच संध्याकाळी कुटुंबाचं मुख्य खातं माझ्या नावावर उघडलं, आणि मुलाचं त्याखाली, त्याच्या खऱ्या जन्मतारखेने. अशा ‘मुलाच्या खात्या’वर आईला चार गोष्टी ठरवता येतात. रोज किती वेळ, कोणत्या वयापर्यंतचे गेम, महिन्याला किती खर्च, आणि अनोळखी माणसांशी बोलायचं की नाही. खर्चाच्या रकान्यात मी शून्य ठेवलं. बोलण्याच्या रकान्यात ‘नाही’. मुलाने तोंड वाकडं केलं, पण हरकत घेतली नाही.

आता खातं माझं झालं, तर खेळून बघायला काय हरकत? दुसऱ्या दिवशी दुपारी कंट्रोलर हातात घेतला. त्यावर चार बटणं असतात. फुली, गोळा, चौकोन आणि त्रिकोण. फुली-गोळा तर आपण वहीच्या मागच्या पानावर खेळलोच आहोत, म्हटलं जमेल. कसलं जमतंय! डावा अंगठा चालायला, उजवा इकडेतिकडे बघायला; मी चालले की भिंतीवर आपटत होते आणि बघायला गेले की खड्ड्यात पडत होते. स्कूटी शिकतानाचे दिवस आठवले.

यंत्रासोबत एक छोटा गेम फुकट येतो, ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’. एक एवढासा यंत्रमानव उड्या मारत जातो. पाऊस पडायला लागला की थेंबांची टपटप हातातल्या कंट्रोलरमध्ये जाणवते. वाळूवरून चाललं की वेगळी थरथर, काचेवरून चाललं की वेगळी. मी तर थक्कच झाले. आठवडाभरात खड्ड्यात पडणं थांबलं आणि मग मात्र दुपारची मजा कळायला लागली.

तसा हा माझा पहिला खेळ नव्हे. आम्ही लहान असताना घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम होता. पहिला कंट्रोलर नेहमी भावाचा. मारिओ त्याचा, लुइजी माझा. त्याचा मारिओ मेला की माझी पाळी, आणि माझी पाळी आली की नेमकी आईची हाक यायची, “पोळ्या लाटायला ये ग!” लुइजी तिथेच उभा राहायचा.

कोणते गेम बरे, कोणते नाहीत

आता वर्षभराच्या अनुभवावरून माझी मतं सांगते. कुणी तज्ज्ञ म्हणून नव्हे. साडी दुकानात जशी आपण दोन बोटांत धरून पाहतो, तसं पाहून सांगते.

लहान मुलं असतील तर ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’. त्या फुकटच्या छोट्या गेमचा हा थोरला भाऊ. जपानमधल्या चमूने केलेला, ६ सप्टेंबर २०२४ ला आलेला, आणि त्या वर्षीचा ‘गेम ऑफ द इयर’ ठरलेला. रक्त नाही, शिवीगाळ नाही, आणि मुख्य म्हणजे एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही. माझी धाकटी आणि मी एकेक पाळी घेऊन खेळतो. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, हे कबूल करायला लाज कसली!

दुसरा ‘इट टेक्स टू’. हा २०२१ चा, स्वीडनमधल्या हेझलाइट कंपनीचा. त्या वर्षीचा मान यालाच मिळाला होता. संसारी बाईने हा एकदा तरी खेळावा. यात कोडी आणि मे हे नवरा-बायको घटस्फोट घ्यायला निघालेले असतात. बायको नोकरीत बुडालेली, नवरा घर सांभाळणारा. लेकीच्या अश्रूंनी ती दोघं बाहुल्या होऊन बसतात आणि मग एकमेकांवाचून पाऊल पुढे पडत नाही. एका भागात नवऱ्याकडे खिळे आणि बायकोकडे हातोडा! हा गेम एकट्याने खेळताच येत नाही. मी आमच्या ह्यांना बसवलं. विरार लोकलमधून चेंगरून आलेला माणूस, पहिल्या रात्री कंट्रोलर हातात घेऊनच झोपला. पण रविवारी रंगले. “अगं, खिळा मारलाय, आता लटक ना!” आणि “अहो, थांबा, मी अजून पोचले नाही!” अशी आमची भांडणं ऐकून मुलं लोळून हसली. ते भांडण चार हजारांवरून झालेल्या भांडणापेक्षा पुष्कळच बरं होतं. एक दोष मात्र सांगायलाच हवा. यात आईबाप स्वार्थापोटी लेकीच्या लाडक्या खेळण्यातल्या हत्तीणीला निर्दयपणे फरफटत नेतात. तो प्रसंग माझ्या धाकटीला बघवला नाही आणि मलाही. लहान मुलं शेजारी असतील तर तेवढ्यापुरतं त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

तिसरा आपल्या पुण्याचा. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’, नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी जमवून तो करायचा प्रयत्न फसला होता. तरी हार न मानता त्यांनी तो ऑगस्ट २०२० मध्ये आणला, आणि त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरती करणाऱ्यांची पोर. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ही त्रिशूळ घेऊन त्याच्यामागे निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट आपसांत बोलत सांगतात. राजस्थानी वाडे, कोरीव खांब, छायाबाहुल्यांचे खेळ... डोळ्यांचं पारणं फिटतं. दोषही आहेत. मारामारीत ती कधीकधी आपलं ऐकत नाही, आणि गोष्ट अर्ध्यावर तोडल्यासारखी संपते. पण भावासाठी निघालेली बहीण खेळायला मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुपारी मी राजी खेळत असताना सासूबाई उठून आल्या. आधी म्हणाल्या, “बायकांनी कसले हे खेळ खेळायचे?” मग जरा वेळाने, “ही पोरगी कोण ग?” आणि मग माझ्या शेजारी बसून, “मागे बघ, मागे! आला मेला तो!” संध्याकाळी त्यांनी सागरगोट्यांची आठवण काढली. पाच-पाच सागरगोटे एका हातावर झेलायच्या म्हणे. लग्न झालं नि सुटलं. “आमचा खेळ म्हणजे मंगळागौर. तीसुद्धा पूजा झाल्यावर.” मी विचारात पडले. खरंच, झिम्मा-फुगडी म्हटली तरी तिला व्रताचं निमित्त हवं. पुरुष संध्याकाळी पत्ते कुटत बसतात, त्यांना कुणी विचारत नाही की कोणत्या देवाचं आहे!

आता मोठ्यांसाठीचे दोन. ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्सपिडिशन ३३’ हा फ्रान्समधला, एप्रिल २०२५ चा; त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पुरस्कार यालाच. त्यातल्या जगात एक चित्रकर्ती दर वर्षी शिळेवर एक आकडा लिहिते आणि त्या वयाची सगळी माणसं विरून जातात. दर वर्षी आकडा एकने कमी. गोष्ट सुरू होते तेव्हा आकडा असतो ३३. म्हणजे त्या जगात मी कधीच विरून गेले असते! ‘आपल्यामागे मुलांचं काय’ हा प्रश्न त्यात इतका थेट येतो की मी एकदा कंट्रोलर ठेवून मुलीच्या दप्तरातला डबा धुवायला उठले. दुसरा ‘घोस्ट ऑफ योतेई’, ऑक्टोबर २०२५ चा. १६०३ सालचं उत्तर जपान, आणि घरादाराचा सूड घ्यायला निघालेली अत्सू नावाची बाई. निसर्ग असा की खेळ सोडून घोड्यावरून नुसतं भटकावं. पण दोन्हींत रक्तपात भरपूर. योतेईच्या वेष्टनावर तर ‘१८’ हा आकडा आहे. हा आकडा खेळ किती अवघड ते सांगत नाही, वय सांगतो. तीन, सात, बारा, सोळा, अठरा. सिनेमाच्या दाखल्यासारखाच तो पाहायचा.

वर्गणीचं गणित

खेळांपेक्षा डोकं खातात त्या ऑनलाइन सेवा. ‘प्लेस्टेशन प्लस’ असो की एक्सबॉक्सचा ‘गेम पास’, ही वर्गणी आहे. आपल्या वाचनालयाची असते तशीच. नुसती पुस्तकं हवी तर एक वर्गणी, मासिकंही हवी तर जास्त, दिवाळी अंकांसह हवी तर आणखी! प्लेस्टेशनच्याही आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत. इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स. विकतच्या गेममध्ये दुसऱ्याशी इंटरनेटवरून खेळायचं तर पहिली पायरी लागते. दुसरीत गेमची मोठी कपाटं उघडतात. तिसरीत जुने गेमही येतात.

आता गणित करा. तुमचा मुलगा वर्षभर एकच फुटबॉल खेळणार असेल तर कपाटभर गेमची वर्गणी कशाला? पहिली पायरी पुरे. तो भरभर गेम संपवणारा असेल तर दुसरी परवडते, कारण नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. आणि जो एकटाच घरी खेळतो, किंवा मुळात फुकट असलेले ऑनलाइन गेम खेळतो, त्याला वर्गणीची गरजच नाही. ‘हवंच हं आई’ असं मुलाने म्हटलं म्हणून भरू नका.

आणखी एक. वर्गणी संपली की त्या वर्गणीतून मिळालेले गेम बंद! वाचनालयाचं पुस्तक परत द्यावं लागतं तसं. हे समजतं. पण पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेमही आपला राहील याची खात्री नाही, हे मला उशिरा कळलं. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम लोकांनी विकत घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांचाही खेळ संपला. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंदही झाला. चौदा दिवस! बारशालाच तेरावं. तिथे निदान पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशनचं जाळंच जगभर जवळजवळ एक दिवस बंद पडलं. वर्गणीदारांना पाच दिवस वाढवून मिळाले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून दुकानदाराला सांगावं लागतं की तुम्ही वस्तू नव्हे, ती वापरण्याचा परवाना घेत आहात.

म्हणून माझं मत, शक्य तिथे डिस्क घ्या. डिस्क पुस्तकासारखी असते. मैत्रिणीच्या मुलाला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते. आमचे हे ऑफिसमधून येताना कधी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून जुनी डिस्क आणतात. आमच्या इमारतीत आता चार घरांत डिस्क फिरतात, पूर्वी दिवाळी अंक फिरायचे तशा. मात्र तुमच्या यंत्राला डिस्कची फट आहे ना, ते घेतानाच बघा. काहींना ती नसते.

पैशांचा खेळ वेगळा

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यावरून घराघरांत गैरसमज होतात. ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की सगळं एकाच टोपलीत टाकू नका. पैसे लावून जिंकण्याहरण्याचे रमी आणि तत्सम खेळ वेगळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा केला, त्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ एकीकडे ठेवले, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना बंदी घातली. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा मुलगा कंट्रोलर घेऊन उड्या मारत असेल तर तो जुगारी झाला म्हणून घाबरू नका. पण बंद खोलीत, फोनवर, रात्री, पैशांचा खेळ चालला असेल, मग तो मुलगा असो, दीर असो की नवरा, तर गप्पही बसू नका.

घरच्या घरी एवढं करा

खातं तुमच्या नावावर उघडा, मुलाचं त्याखाली, खऱ्या जन्मतारखेने. पासवर्ड डब्याच्या झाकणावर चिकटवू नका!

कार्ड यंत्रात जपून ठेवू नका. भेटकार्डाचा कोड आणून तेवढेच पैसे खात्यात भरा. खाऊचे पैसे देतो तसं. संपले की संपले. वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची सोय बंद ठेवा.

ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली, हे मुलांना एकदा शांतपणे समजावून सांगा. फोनला कुलूप लावा ते वेगळंच.

यंत्र बंद कपाटात कोंबू नका. त्याला चारी बाजूंनी वारा हवा. मोठा गेम चालू असताना ते साधारण दोनशे वॉट वीज घेतं, म्हणजे रोज तासभर खेळलं तर महिन्याला सहा युनिट. टीव्हीची वीज वेगळी. बटण दाबून ते नीट बंद होऊ द्या, मगच प्लग काढा. पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल आणि ढग गडगडत असतील तर प्लग काढलेलाच बरा.

आणि शेवटचं, रोज नाही तरी आठवड्यातून एकदा शेजारी बसा. “बंद कर ते” म्हणण्याआधी “हा कोण रे?” असं विचारा. मुलं भडाभडा बोलतात हो! परीक्षेच्या गुणांबद्दल बोलणार नाहीत, पण आपल्या खेळाडूबद्दल तासभर सांगतील. आणि सांगता सांगता शाळेत कुणी ढकललं तेही सांगून टाकतील. माझ्या मुलाने मला तसंच सांगितलं. ते मला एरवी कधी कळलं असतं कोण जाणे.

त्या चार हजारांचं काय झालं? ते परत मिळाले नाहीत. चिरंजीवांनी त्यांच्या खाऊच्या पैशांतून महिन्याला शंभर असे फेडायचं कबूल केलं आहे. वहीत हिशेब आहे. अजून बरेच बाकी आहेत, पण एकही महिना चुकलेला नाही.

आणि माझा भाऊ? बंगळूरला गेल्यापासून वर्षातून दोनदा भेट. पण रविवारी रात्री साडेदहाला आम्ही दोघं ‘स्प्लिट फिक्शन’ खेळतो. ‘इट टेक्स टू’च्याच लोकांचा, मार्च २०२५ चा गेम. मिओ आणि झोई या दोन लेखिका, आणि त्यांच्या गोष्टी चोरू पाहणारा एक प्रकाशक. एकाने गेम घेतला की दुसऱ्याला वेगळा घ्यावा लागत नाही. तो अर्थातच भावाने घेतला. पडदा मधोमध दुभंगलेला असतो. अर्धा त्याचा, अर्धा माझा. कुणाची पाळी संपायची वाट बघायची नाही. कानात त्याचा आवाज येतो, “ताई, उडी मार, मी धरलंय!” मी उडी मारते.

परवा असाच खेळ रंगात आला असताना आतून हाक आली, “आई, पाणी हवंय!” मी उठणार, तेवढ्यात चिरंजीव स्वतः उठले आणि बहिणीला पाणी देऊन आले. जाताना म्हणाले, “तू खेळ. तुझा अजून अर्धा तास आहे.”

वेळेची मर्यादा मी माझ्याही खात्याला लावून घेतली आहे, बरं का. घड्याळ मुलगा बघतो!